साथ आली की ग्रामपंचायतीने कोठून सुरुवात करावी : नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी आणि सरपंचांसाठी

कोविडच्या काळात ज्यांनी गावे सांभाळली, त्यांच्यापैकी फारच थोडे आज त्याच खुर्चीत आहेत. जानेवारी २०२१ मध्ये ज्या १४,२३४ ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम लागला होता, त्यांची पाच वर्षे भरली. ग्रामसेवकांच्या बदल्या झाल्या, काही निवृत्त झाले, आणि २०२४ मध्ये तर ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र होऊन ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे एकच नाव आले. त्या दोन वर्षांत शिकलेले पुष्कळसे शहाणपण कागदावर आलेच नाही. ते माणसांबरोबर निघून गेले. हा लेख नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांसाठी आणि प्रथमच निवडून आलेल्या सरपंचांसाठी आहे. यापूर्वी साथ हाताळलेली नाही असे गृहीत धरून, कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे येथे सांगितले आहे.

या क्रमात एक गोष्ट मुद्दाम सर्वांत वर ठेवली आहे. साथीची बातमी आली की आपण फवारणी, गावबंदी, धान्यवाटप यांचा विचार करू लागतो आणि ही कामे ज्या सात-आठ जणांच्या हातून होणार आहेत त्यांचा विचार मागे पडतो. ग्रामपंचायतीने आधी आपली माणसे सांभाळावीत, आणि ती कामावर होती याचा कागद त्याच दिवशी तयार करावा. गावासाठी जे करायचे आहे ते या दोन गोष्टींवर उभे राहते.

पहिले काम : आदेशांची धारिका आणि आपल्या अधिकाराची हद्द

आपल्याकडे साथीचे आदेश दोन कायद्यांतून येतात. पहिला १८९७ चा साथरोग कायदा, जो १८९६ साली मुंबईत प्लेग आल्यानंतर घाईने केला गेला आणि जो महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू केला. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, ज्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. याखेरीज १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ४५ आणि त्याची अनुसूची यांनी सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि पिण्याचे पाणी ही कर्तव्ये मुळातच ग्रामपंचायतीवर टाकलेली आहेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की पाणी, सफाई, नोंदी, जनजागृती आणि मदत यांसाठी तुम्हाला कोणाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. मात्र रस्ता बंद करणे, दुकाने बंद करणे, कोणाला गावात येऊ न देणे यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या, काहींनी रस्त्यावर आडवा चर खणला. त्यामागची भीती खरी होती, पण परिणाम विचित्र झाले. माझ्या माहितीतल्या एका गावात पाणीपुरवठा कर्मचारी दीड किलोमीटरवरच्या वाडीवर राहत असे. पहाटे पाचला व्हॉल्व्ह सोडायला निघालेल्या त्या माणसाला पहाऱ्यावरच्या उत्साही तरुणांनी अडवले. ओळख असूनही ‘आदेश दाखवा’ म्हणाले. त्या दिवशी नळाला पाणी सुटायला साडेदहा वाजले, आणि पाण्यासाठी सार्वजनिक विहिरीवर जी गर्दी झाली ती एरवी आठवडे बाजारालाही होत नसेल.

म्हणून एक स्वतंत्र धारिका उघडा. प्रत्येक आदेश, परिपत्रक आणि शासन निर्णय तारखेनुसार लावा, आवक नोंदवहीचा क्रमांक त्यावर टाका, आणि व्हॉट्सॲपवर आलेला आदेशही छापून घ्या. साथीत आदेश आठवड्याला बदलतात. १० तारखेला केलेली कृती २५ तारखेच्या आदेशाने चुकीची दिसू शकते, आणि लेखापरीक्षक दोन वर्षांनी येतात.

दुसरे काम : माणसांची यादी

यादी दोन भागांत करा. पहिल्या भागात ग्रामपंचायतीचे स्वतःचे कर्मचारी येतील, म्हणजे लिपिक, शिपाई, पाणीपुरवठा व दिवाबत्ती कर्मचारी आणि सफाई कामगार. दुसऱ्या भागात गावात काम करणारे पण दुसऱ्या खात्याचे लोक येतील : आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील, शिक्षक. दोन्ही भागांच्या मधल्या फटीत काही माणसे हमखास राहतात, आणि त्यांचीच सर्वांत जास्त आबाळ होते. सेवा केंद्र चालवणारा संगणक परिचालक, रोजगार सेवक, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणारा जलसुरक्षक, आणि गरज पडेल तेव्हा रोजंदारीवर गटारे काढणारा मजूर हे कोणाचे, असा प्रश्न आजारपण आल्यावर पडू नये म्हणून त्यांचा तिसरा भाग करा आणि ते कोणाच्या आदेशाने काम करतात ते नावापुढे लिहा.

प्रत्येकाची जन्मतारीख, बँक खाते, वारसाचे नाव, घरातील वृद्ध व लहान मुले, आणि स्वतःला असलेला मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारखा आजार विचारून घ्या. वारसाचे नाव जुने असते. अविवाहित असताना आईचे नाव दिलेले असते आणि पुढे कोणी बदलत नाही. आजाराची माहिती मात्र सर्वांसमोर विचारू नका व ती यादी भिंतीवर लावू नका. ज्याला मधुमेह आहे त्याला विलगीकरण कक्षाच्या पाळीवर पाठवायचे नाही, एवढ्यासाठीच ती हवी आहे.

तिसरे काम : लेखी आदेश आणि हजेरी

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण येथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

कोविडच्या काळात केंद्राने ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा कवच दिले. त्यात आशांचाही समावेश होता. राज्याच्या वित्त विभागाने २९ मे २०२० रोजी शासन निर्णय काढून कोविडशी संबंधित कर्तव्य बजावताना मृत्यू आल्यास कुटुंबाला ५० लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य जाहीर केले. त्यातली एक अट प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे : रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या १४ दिवसांत तो कर्मचारी कर्तव्यावर हजर असला पाहिजे, आणि तसे प्रमाणित झाले पाहिजे. म्हणजेच एखाद्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य चौदा दिवसांच्या हजेरीवर आणि एका आदेशावर अवलंबून होते. पुढच्या साथीत योजनेचे नाव आणि रक्कम वेगळी असेल, पण ‘कामावर होता हे दाखवा’ ही मागणी वेगळी असण्याचे कारण नाही.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला साथीच्या कामाचा लेखी आदेश द्या. कोणते काम, कोणत्या वस्तीत, कोणत्या तारखेपासून, हे त्यात असावे, जावक क्रमांक असावा, आणि आदेश मिळाल्याची सही घ्यावी. दुसऱ्या खात्याच्या कर्मचाऱ्यांना तुम्ही आदेश देऊ शकत नाही. त्यांच्या पर्यवेक्षिकेला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र देऊन त्यांच्याकडून आदेश काढून घ्या व प्रत आपल्या धारिकेत ठेवा. मासिक सभेत या कामवाटपाचा ठराव घ्या. सभा नेहमीसारखी भरवता येत नसेल तर त्या वेळी लागू असलेल्या परिपत्रकाप्रमाणे ती घ्या, पण ठराव राहू देऊ नका.

हजेरी रोज घ्या. ग्रामपंचायतीच्या ठरलेल्या नोंदवह्यांना ‘नमुना’ क्रमांक असतात; रोजंदारीच्या मजुरांसाठी नमुना १९ चा हजेरीपट असतोच; तो वापरा. एका ग्रामपंचायतीचे दप्तर तपासताना मला आढळले होते की गटारसफाई करणारा एक मजूर दीड महिना रोज काम करत होता, पण त्याचे नाव हजेरीपटावर कोठेच नव्हते. दर आठवड्याला नमुना १२ च्या प्रमाणकावर ‘गटारसफाई खर्च’ एवढे लिहून त्याला रोख रक्कम दिली जात होती. तो आजारी पडला, सतरा दिवस घरी राहिला आणि बरा झाला, हे त्याचे नशीब. पण त्या सतरा दिवसांत त्याला काही देता येईना, कारण कागदावर तो माणूस नव्हताच, फक्त खर्च होता. ग्रामसेवक मनाने चांगले होते. त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. ते त्यांनी करायला नको होते असे मी म्हणणार नाही, पण खिशातून द्यायची वेळ हजेरीपट भरला असता तर आली नसती.

चौथे काम : पगार अडू देऊ नका

साथीत पहिला फटका करवसुलीला बसतो. लोकांचे रोजगार थांबतात, घरपट्टी-पाणीपट्टी मागायला दारात जाणे अवघड होते, आणि मार्चअखेरची वसुली जी वर्षभराच्या गणिताचा कणा असते तीच हुकते. २०२० मध्ये टाळेबंदी २५ मार्चला लागली, म्हणजे नेमकी वसुलीच्या शेवटच्या आठवड्यात. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनातील शासनाचा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला असल्याने वसुली घसरली की पगाराच्या दोन्ही बाजू एकदम ढासळतात. जो माणूस पहाटे पाणी सोडतो, त्यालाच तीन-तीन महिने पगार नाही, अशी स्थिती त्या वर्षी अनेक ठिकाणी होती.

वित्त आयोगाच्या निधीकडे येथे पाहू नका. अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येतो, पण वेतन व आस्थापना खर्च त्यातून करता येत नाही. पगार ग्रामनिधीतून आणि शासनाच्या हिश्श्यातूनच द्यावा लागतो. म्हणून साथीची चाहूल लागताच पुढील तीन महिन्यांची साधी आकडेमोड एका पानावर करा : खात्यात किती शिल्लक, पगाराला दरमहा किती, पाणीपुरवठ्याचे वीजबिल किती, टीसीएल व साहित्याला किती. मग जी कामे थांबू शकतात, उदाहरणार्थ कमान, सुशोभीकरण, सभागृहाच्या खुर्च्या, त्यांची तरतूद कमी करून नमुना २ प्रमाणे पुनर्विनियोजनाचा ठराव घ्या आणि त्याला योग्य ती मंजुरी मिळवा. कमानीचे काम थांबवल्याबद्दल सदस्यांची नाराजी येईल. ती सहन करावी.

शक्य असणाऱ्यांकडून कर जरूर घ्या, त्यात संकोच नको. गावात पगारदार आहेत, दुकानदार आहेत, आणि ऑनलाइन भरणारेही आहेत. ‘तुमच्या पाणीपट्टीतून पाणी सोडणाऱ्याचा पगार होतो’ असे सरळ सांगितले की पुष्कळ जण भरतात.

पाचवे काम : साहित्य, आणि फवारणीविषयी थोडे परखड

मास्क, हातमोजे, साबण, सफाई कामगारांसाठी गुडघ्यापर्यंतचे बूट, आशांसाठी ऑक्सिमीटर आणि तापमापक यंत्र, ही मूळ यादी आहे. मास्क दर दिवशी किती लागतील याचा हिशेब माणसांच्या संख्येवर करा. एका आशेला एक मास्क देऊन महिनाभर फिरायला लावण्याचे प्रकार २०२० मध्ये झाले आहेत. खरेदी कितीही तातडीची असली तरी दरपत्रके घ्या आणि तुलनात्मक तक्ता जोडा. त्या काळात ऑक्सिमीटरचे भाव आठवड्याला बदलत होते, त्यामुळे दरपत्रकावर तारीख नसेल तर नंतर जादा दराचा आक्षेप निघतो आणि उत्तर देता येत नाही. संपणारे साहित्य नमुना १५ मध्ये व टिकणारे नमुना १६ मध्ये लगेच चढवा.

पृष्ठभाग पुसण्यासाठी द्रावण गावातच होते. साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल पावडर ३० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात मिसळली की सुमारे एक टक्क्याचे द्रावण तयार होते. ते रोज ताजे करा, प्लास्टिकच्या भांड्यात करा, आणि संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, कारण त्यातून विषारी वायू निघतो. दाराच्या कड्या, हातपंपाचा दांडा, बाकडी, कार्यालयाचे टेबल, सार्वजनिक शौचालयाची कडी, अशा हात लागणाऱ्या जागा या द्रावणाने पुसाव्यात.

माणसांच्या अंगावर मात्र फवारणी करू नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच तशी सूचना दिली होती. त्यानंतरही वेशीवर बोगदे उभे करून येणाऱ्याजाणाऱ्यांना भिजवणे चालूच राहिले. ट्रॅक्टरला ब्लोअर लावून गल्लीबोळांत मारलेल्या फवाऱ्याविषयीही माझे मत चांगले नाही. छायाचित्रे उत्तम येतात आणि लोकांना काहीतरी होते आहे असे वाटते, पण धुळीच्या रस्त्यावर क्लोरीन टिकत नाही आणि तेवढ्याच पैशांत सफाई कामगारांचे बूट, मोजे आणि वर्षभराचा साबण येतो.

सहावे काम : पाळ्या आणि पर्यायी माणूस

प्रत्येक अत्यावश्यक कामासाठी दुसरा माणूस तयार असला पाहिजे, आणि त्यातही पाणी सर्वांत आधी. पंप कसा चालू करायचा, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या गल्लीचा, टाकीत टीसीएल किती आणि केव्हा टाकायची, हे बहुतेक गावांत एकाच माणसाच्या डोक्यात असते. त्याच्याबरोबर शिपायाला किंवा एखाद्या होतकरू तरुणाला चार दिवस फिरवा आणि व्हॉल्व्हचा नकाशा कागदावर काढून घ्या. क्लोरीन पोहोचतो का हे शेवटच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट करून पाहावे. नमुन्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. साथ श्वसनाची असली तरी ही तपासणी सोडू नका, कारण रुग्णालये भरलेली असताना गावात गॅस्ट्रोची लागण होणे याइतके वाईट काही नाही.

जोड्या लावा आणि जोड्या बदलू नका, म्हणजे एक जण बाधित झाला तर सगळे एकदम घरी बसणार नाहीत. कार्यालयात एक दिवसाआड अर्धे कर्मचारी बोलवा. आठवड्यातून एक पूर्ण सुटी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे. आशा आणि सेविका यांच्यावर सर्वेक्षणाचा मारा होतो; २०२० च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांना दिवसाला पन्नास घरे करायची होती, आणि तीही नेहमीची कामे सांभाळून. मोबदल्याच्या प्रश्नावर आशांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला, तेव्हा कोठे मानधनात वाढ आणि कोविड भत्ता मिळाला. तो प्रश्न ग्रामपंचायतीच्या हातातला नव्हता. पण सर्वेक्षणाला बरोबर एक माणूस देणे, दुपारी बसायला सावलीची जागा आणि वापरायला शौचालय उपलब्ध करून देणे, वेगळ्या खात्यांनी मागितलेली एकच माहिती एकदाच गोळा करून सर्वांना देणे, हे ग्रामपंचायतीला करता येते.

त्यांना दारात शिवीगाळ झाली तर सरपंचांनी त्याच दिवशी त्या घरी जावे. प्रकरण मारहाणीपर्यंत गेले तर समजुतीवर मिटवू नका : साथरोग कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा झाला असून त्याला तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर इजा असल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे.

सातवे काम : गावाची यादी, जी नमुना ८ मध्ये मिळत नाही

आता गावाकडे वळू. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती करा, तीत तलाठी, पोलीस पाटील, आशा, सेविका, मुख्याध्यापक आणि प्रत्येक वस्तीतून एक बाई व एक पुरुष घ्या. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आधीच असते आणि तिला थोडा निधीही मिळतो. ती झोपलेली असेल तर जागी करा.

बहुतेक जण कुटुंबांची यादी नमुना ८ वरून, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीवरून करतात. त्यात घरे सापडतात, माणसे नाही. भाडेकरू त्यात नसतो, वीटभट्टीवरची कुटुंबे नसतात, ऊसतोडीला आलेल्या टोळ्या नसतात, पालात राहणारे नसतात, आणि ज्याचे घर अतिक्रमणात आहे तोही बहुधा नसतो. याच लोकांकडे शिधापत्रिकाही नसते, म्हणून धान्याच्या यादीतूनही ते गळतात. २०२० च्या एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळू लागले तेव्हा हीच माणसे रिकाम्या हाताने दुकानासमोर उभी होती. म्हणून समितीच्या सदस्यांनी पायी फिरून वस्तीनिहाय यादी करावी आणि त्यात एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, क्षयरोगाचे व डायलिसिसचे रुग्ण, नेहमीची गोळी चालू असलेले लोक आणि अपंग व्यक्ती यांच्यापुढे खूण करावी. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावेच लागते. त्याच्या वाहनाचा परवाना आणि चालक पहिल्या दिवशी ठरवून ठेवा.

मदत घरपोच द्या आणि देताना छायाचित्र काढू नका. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर सही घेतलेली यादी दाखवावी.

आठवे काम : विलगीकरण

जागा बहुधा जिल्हा परिषदेची शाळा असते. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून परतलेल्या हजारो लोकांनी आपले चौदा दिवस अशाच वर्गखोल्यांत काढले, आणि कोकणात चाकरमान्यांचे प्रमाण मोठे असल्याने तेथील गावांना याचा ताण जास्त बसला. गावात वाढलेल्या माणसाला गावानेच वेशीवर थांबवावे, याची बोच अजून काही घरांत आहे. तेव्हा येणाऱ्याला काय नियम आहेत हे निघण्यापूर्वीच फोनवर कळवा, दारात आल्यावर नव्हे.

शाळा ताब्यात घेण्यापूर्वी रात्री आठला तेथे स्वतः जाऊन पाहा. दिवसा सगळे ठीक दिसते. रात्री कळते की शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही, कडी आतून लागत नाही, आणि टाकी सकाळी भरली तर संध्याकाळी संपते. स्त्रियांसाठी वेगळी खोली व वेगळे शौचालय, मच्छरदाण्या, पावसाळ्यात सापांच्या भीतीने भोवतालचे गवत काढणे, आणि जेवण कोण करणार व डबा कोण आणणार, एवढे ठरल्यावरच पहिला माणूस आत घ्या. वापरलेले मास्क आणि मोजे नेहमीच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. कक्षातला असा कचरा पिवळ्या पिशवीत जातो, आणि घराघरांतले मास्क कापून, कागदी पिशवीत ७२ तास ठेवून मगच कोरड्या कचऱ्यात द्यावेत, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोविडकाळातील सूचना होती.

रोज दोनदा ताप आणि ऑक्सिजन पाहून वहीत लिहावा. कोविडमध्ये सहा मिनिटे चालायला लावून पुन्हा ऑक्सिजन मोजण्याची सोपी चाचणी उपयोगी पडली. चालल्यावर तो तीनहून अधिक अंकांनी घसरला किंवा ९३ च्या खाली गेला तर थांबायचे नाही, १०८ ला फोन करायचा. पुढच्या रोगाची लक्षणे निराळी असतील. त्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून ‘कोणत्या आकड्याला फोन करायचा’ हे एका ओळीत लिहून घ्या आणि भिंतीवर लावा.

दुसऱ्या लाटेत अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पथके नेमून घरोघर तपासणी केली, बाधितांना घरी न ठेवता वेगळे ठेवले आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले. पुढे जूनमध्ये राज्याने कोरोनामुक्त गावांसाठी स्पर्धा जाहीर केली, आणि पहिले बक्षीस होते ५० लाखांचे. हिवरे बाजारचे काम अनुकरणीय आहे, स्पर्धेविषयी मात्र माझ्या मनात शंका आहे : बक्षीस शून्य रुग्णांना असले की तपासणी कमी करण्याचा मोह होतो. तुमच्या गावात रुग्ण सापडले तर आकडा लपवू नका. लवकर सापडलेला रुग्ण हे चांगल्या कामाचेच लक्षण आहे.

नववे काम : निरोप आणि लस

माहिती रोज एकाच वेळी, एकाच माणसाने द्यावी. देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा, घंटागाडीवरची ध्वनिफीत आणि दवंडी ही साधने अजून चालतात. व्हॉट्सॲप गटात मात्र फक्त ग्रामपंचायतच संदेश टाकेल अशी सोय करा. रुग्णाचे नाव कोठेही जाहीर होता कामा नये.

लसीच्या बाबतीत मे २०२१ चा अनुभव पुरेसा आहे. ऑनलाइन नोंदणी असल्याने शहरातील तरुण गाड्या करून खेड्यांतल्या केंद्रांवर आले आणि गावातले लोक बाहेर उभे राहिले. वस्तीनिहाय चिठ्ठ्या आधी वाटून, वृद्धांना सकाळची वेळ देऊन हे टाळता येते. आपल्या कर्मचाऱ्यांची नावे आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत आहेत का, हे तालुक्याला यादी जाण्यापूर्वी पाहा. रोजंदारीचा सफाई कामगार येथेही गळतो.

दहावे काम : मृत्यू झाल्यावर

ग्रामीण भागात जन्म-मृत्यू नोंदणीचा निबंधक ग्रामपंचायतीतच बसतो, आणि नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. येथे एक गोंधळ नेहमी होतो. मृत्यू जेथे झाला तेथेच त्याची नोंद होते, मृत व्यक्ती राहत होती तेथे नाही. जिल्हा रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर दाखला तेथील निबंधकाकडून मिळेल. दुःखात असलेल्या कुटुंबाला दोन-तीन फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा शिपायाबरोबर पत्र देऊन तो दाखला मागवून घ्या. दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव जुळते का ते तेव्हाच पाहा, कारण पुढचे सगळे अर्ज त्याच नावावर चालतात.

कोविडमध्ये मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव, आणि बालसंगोपन योजनेचे दरमहा साहाय्य असे आधार मिळाले. ते मागण्यासाठी रुग्णालयाचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागले, आणि ज्या विधवा बाईला कोणी सांगितलेच नाही तिने अर्जच केला नाही. गावात अशी कुटुंबे किती याची यादी करा, प्रत्येक कुटुंबाला एक कर्मचारी नेमून द्या, आणि तहसील व बालविकास कार्यालयाच्या फेऱ्या त्याने कराव्यात. घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून त्या बाईचे नाव लागले का हे मासिक सभेत विचारा. सासरच्या मंडळींचा विरोध असेल तर तो सभेतच नोंदवावा लागेल, हे त्यांना कळले पाहिजे.

अंत्यविधीला गेलेल्या कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सुटी द्या आणि त्यांच्याशी बोला. बोलणे जमत नसेल तर १४४१६ ही टेलिमानसची मानसिक आरोग्य मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक त्यांच्या हातात द्या. कोणी ‘मला काही झाले नाही’ म्हणाला तरीही द्या.

लाट ओसरली की

साथीच्या धारिकेला पृष्ठ क्रमांक घाला आणि वर अनुक्रमणिका लावा : आदेश, ठराव, कामवाटप, हजेरीपटाच्या प्रती, खरेदीची प्रमाणके, विलगीकरणाची वही, मृतांच्या कुटुंबांची यादी आणि त्यांचे कोणते अर्ज प्रलंबित आहेत त्याची नोंद. बदली होऊन जाताना ही धारिका कार्यभार यादीत स्वतंत्र ओळीने लिहून द्या. कपाटात ठेवली आहे असे तोंडी सांगू नका. व्हॉल्व्हचा नकाशा तिच्या आतल्या कव्हरला चिकटवा. आणि ऑक्सिमीटर व तापमापक यंत्रे पेटीत ठेवण्यापूर्वी त्यांतले सेल काढून ठेवा. २०२२ मध्ये उघडलेल्या अनेक पेट्यांत ते गळून यंत्रे वाया गेलेली होती, आणि नमुना १६ मध्ये मात्र ती ‘चालू स्थितीत’ होती.